सेंट बीज ते सेलाफील्ड, व्हाया लोणंद

तर झालं असं, की गेल्या दिवाळीत मी एक प्रस्ताव लिहिला. कर्जाचा नाही, लग्नाचा नाही (ते वय गेलं), रेल्वेचा. तोही खोट्या रेल्वेचा. संगणकावर आगगाडी चालवायचा जो खेळ असतो ना, त्यात ब्रिटनमधला एक नवा मार्ग घ्यावा असा अर्ज. चांगला सात पानी. सोबत नकाशे, जुने फोटो, गाड्यांची यादी. फराळाला आलेल्या मावशीने विचारलंच, "काय रे, सणासुदीला पण ऑफिसचं काम?" बायकोने परस्पर उत्तर दिलं, "ऑफिसचं असतं तर इतकं मन लावून केलं नसतं हो."

खरं आहे. पण हे वेड माझं एकट्याचं नाही, अण्णांचं आहे. म्हणजे मुळात त्यांचंच आहे.

नातेवाईकांना माहीत आहे, इतरांसाठी सांगतो. अण्णा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नीरा, लोणंद, वाठार असं पुणे-मिरज लाइनवर आमचं बिऱ्हाड फिरत राहिलं. २००१ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला होता. रिकामा माणूस घरात काय करणार, म्हणून मी तो आणून दिला. त्यात सहा मार्ग होते. दोन जपानचे, दोन अमेरिकेचे, एक ऑस्ट्रियाचा आणि एक इंग्लंडचा, सेटल ते कार्लाईल. अण्णांनी इतर पाचांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "आपली रेल्वे साहेबाकडून आली, तेव्हा साहेबाचीच बघू."

पहिल्याच दिवशी त्यांनी रिबलहेडच्या चोवीस कमानींच्या पुलावर फ्लाइंग स्कॉट्समन उभी केली आणि मला हाक मारली.

"हा पुढचा सिग्नल कोणी दिला?"

"संगणकाने दिला, अण्णा."

"म्हणजे कोणीच नाही दिला."

त्यांनी गाडी पुढे नेली खरी, पण ती तक्रार पुढची वीसेक वर्षं काही सुटली नाही. खेळ बदलले. २००७ मध्ये रेल सिम्युलेटर आला, मग रेलवर्क्स, मग त्याचं नाव ट्रेन सिम्युलेटर झालं, मग ट्रेन सिम वर्ल्ड. चित्रं इतकी खरी झाली की पावसाचे थेंब काचेवरून ओघळायला लागले. अण्णांचं आपलं एकच. "सगळं केलंय रे. फक्त स्टेशनात माणूस ठेवायचा विसरलेत."

यात त्यांचं काय दुखायचं ते समजायला टोकन म्हणजे काय ते माहीत हवं. एकेरी मार्ग असेल तर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, नाहीतर समोरासमोर. त्यासाठी दोन्ही स्टेशनांत एकमेकांना तारेने जोडलेली यंत्रं असतात. आपल्याकडे नील्स टोकनची यंत्रं होती, त्यातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा. पलीकडच्या मास्तरने लाइन क्लियर दिल्याशिवाय गोळा निघतच नाही, आणि एक गोळा बाहेर असताना कुठल्याच टोकाला दुसरा निघत नाही. तो गोळा पिशवीत, पिशवी कड्याला अडकवलेली, आणि ते कडं चालत्या गाडीच्या ड्रायव्हरने हात बाहेर काढून उचलायचं. गोळा हातात, म्हणजे पुढचा रस्ता तुझा. मी लहानपणी हे रोज बघत होतो. रात्री पावसात, हातात मशाल घेऊन उभा असलेला पॉइंट्समन आणि धाडधाड येणारं इंजिन... आजही अंगावर काटा येतो. अण्णा तेव्हा आत यंत्रापाशी. म्हणजे अख्ख्या खेळात त्यांनी जन्मभर केलेलं कामच नव्हतं.

आता इंग्लंडकडे वळतो.

२००९ साली कंपनीने मला कंब्रियात पाठवलं. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर आणि आयरिश समुद्र यांच्या बेचक्यातला पट्टा. राहायला मेरीपोर्टला, काम वर्किंग्टनला. पर्यटक डोंगरांत जातात, या किनाऱ्याला कोणी येत नाही. एके काळी इथे कोळसा, लोखंड, पोलाद सगळं होतं. मी गेलो तेव्हा त्यांच्या आठवणी आणि पब उरले होते. पण रेल्वे होती! कार्लाईलपासून बॅरोपर्यंत सुमारे १३५ किलोमीटर, बहुतेक वाट समुद्राच्या काठाने. वेगवेगळ्या कंपन्यांनी तुकड्या-तुकड्याने बांधलेली. मेरीपोर्ट-कार्लाईलचा तुकडा १८४५ साली पुरा झाला, त्याचे इंजिनियर खुद्द जॉर्ज स्टीफन्सन. व्हाइटहेवनच्या दक्षिणेचा १८५० चा. अजून कितीतरी ठिकाणी हाताने ओढायचे सिग्नल, जुन्या लाकडी केबिनी आणि फाटकं. काही स्टेशनं तर अशी की उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगावं लागतं, आणि चढायचं असेल तर हात दाखवून गाडी थांबवायची. आपल्या एसटीसारखी. :)

मी रोज रात्री अण्णांना फोन करायचो. आई पाच मिनिटं जेवणाखाण्याचं विचारायची, मग फोन अण्णांकडे. "आज काय पाहिलंस?" म्हणजे ऑफिसात काय झालं असं नव्हे. हॅरिंग्टनच्या स्टेशनाची हकिकत सांगितली तेव्हा किती हसले होते! तिथला प्लॅटफॉर्म बुटका, म्हाताऱ्यांना गाडीत चढता येईना. सगळा प्लॅटफॉर्म उंच करायचा तर खर्च फार. मग २००८ मध्ये प्लॅटफॉर्मच्या एका भागावर तयार तुकड्यांचा नुसता एक उंचवटा बसवला, आणि दार बरोबर त्याच्यासमोर आणून गाडी थांबवायची. त्याला नावच पडलं हॅरिंग्टन हम्प. पुढे इतर स्टेशनांतही तसे बसवले. अण्णा म्हणाले, "नीरेला एक बसवायला हवा होता. तुझ्या आजीला दर खेपेला दोघं जण उचलून चढवायचो."

आणि मग एका शनिवारी मी सेंट बीजला गेलो. (रविवारी त्या दक्षिणेच्या भागात गाडीच नसायची, ती २०१८ साली सुरू झाली.) व्हाइटहेवनपासून सेलाफील्डपर्यंत मार्ग एकेरी आहे, मध्ये सेंट बीजला दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडता येतं. फर्नेस रेल्वेच्या काळातली छोटी केबिन. गाडी थांबली, केबिनमधला माणूस खाली उतरून आला, ड्रायव्हरने खिडकीतून एक टोकन त्याच्या हातात दिलं, त्याने दुसरं टोकन ड्रायव्हरच्या हातात दिलं. दोघं हवापाण्याचं काहीतरी बोलले. गाडी गेली.

मी प्लॅटफॉर्मवरूनच फोन लावला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ झाले असतील.

"अण्णा, इथे टोकन आहे! आत्ता पाहिलं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "हातात देतात की कड्यात?"

"हातात. गाडी थांबतेच इथे."

"गोळा आहे का?"

"नाही, गोळा नाही."

"नसू दे. माणूस आहे ना?"

पुढच्या महिन्यात पूर आला. १९ नोव्हेंबर २००९ ला सीथवेटला २४ तासांत ३१६.४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. आपल्याला २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ आठवतात, त्यामुळे आकडा ऐकून मी आधी नाक मुरडलं. पण त्या चिमुकल्या नद्यांना तेवढा पुरला. वर्किंग्टनला डरवेंट नदीवरचा नॉर्थसाइड पूल कोसळला, त्यावर वाहतूक थांबवत उभा असलेला एक पोलीस त्यात गेला. दुसरा रस्त्याचा पूल तडे जाऊन बंद. गावाचे दोन तुकडे झाले. नदीपलीकडचं दुकान दिसतंय पण गाडीने जायचं तर लांबचा वळसा.

रेल्वेचा पूल तेवढा टिकला. मग त्यांनी काय करावं? नदीच्या उत्तरेला मोकळ्या जागेवर सहा दिवसांत एक स्टेशन उभं केलं. मचाणाच्या नळ्या आणि फळ्यांचा प्लॅटफॉर्म, तात्पुरती शेड, दिवे. नाव वर्किंग्टन नॉर्थ. ३० नोव्हेंबरला पहिली गाडी थांबली. मेरीपोर्ट ते वर्किंग्टन प्रवास फुकट. पुढचे कित्येक महिने मी त्याच गाडीने ऑफिसला गेलो. एरवी एकमेकांकडे न बघणारी माणसं त्या डब्यात बोलायची. कोणाच्या घरात किती पाणी आलं, कोणाचा विमा देत नाहीये, कोणाची आई नदीच्या पलीकडे अडकलीये. शाळेची पोरं, पिशव्या घेतलेल्या आज्या. मला पहिल्यांदाच त्या देशात घरी असल्यासारखं वाटलं ते त्या गाडीत. ऑक्टोबर २०१० मध्ये ते स्टेशन बंद करून उचलून नेलं. मी २०११ मध्ये परत आलो.

तर प्रस्तावात हा सगळा मार्ग मी मागितला होता. कार्लाईल ते बॅरो, आणि काळ डिसेंबर २००९. मार्ग निवडण्यापेक्षा काळ निवडणं अवघड असतं, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. कुठले डबे, कुठले सिग्नल, कुठल्या फॅक्टरीची चिमणी उभी आणि कुठली पडलेली, हे सगळं वर्षावर ठरतं. मी मांडलं, की माझ्या माहितीतलं हे दुर्मीळ उदाहरण आहे जिथे एक स्टेशन दहा महिने जगलं आणि गेलं. खेळात नाही ठेवलं तर कुठे राहणार ते? शिवाय सामग्रीही हाताशी आहे. ब्रिटिश सरकारच्या नकाशांचा बराच भाग २०१० पासून फुकट मिळतो, आणि विमानातून लेझरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीची माहिती २०१५ पासून. ब्रेस्टोन्सच्या वाळूवरच्या त्या लाकडी खोपटांचा उंचवटासुद्धा मोजून घेता येईल.

प्रस्ताव ज्यांच्याकडे पाठवला ती हौशी मंडळी आहेत, आपापली नोकरी सांभाळून असे मार्ग बनवतात. नाव सांगत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि उत्तरही सरळ दिलं. १३५ किलोमीटर म्हणजे चार-पाच वर्षांचं काम. वेग कमी, गाड्या थोड्या. लोकांना ताशी दोनशे किलोमीटर हवेत. पूर वगैरे ठीक आहे, पण पुरासाठी कोणी मार्ग घेत नाही. मात्र २०१५ ते २०१८ चा काळ धरला तर विचार करू, कारण तेव्हा या मार्गावर काही गाड्यांना क्लास ३७ ची इंजिनं लागत होती. १९६० ते ६५ मध्ये बांधलेली ही डिझेल इंजिनं, त्यांचा आवाज ऐकायला लोक देशभरातून यायचे.

मी दोन दिवस फुगून बसलो. वर्किंग्टन नॉर्थ टाकून द्यायचं म्हणजे माझ्यापुरता अर्थच गेला की. तिसऱ्या दिवशी अण्णांना वाचून दाखवलं.

इथे एक सांगायचं राहिलं. अण्णांना हल्ली वाचून दाखवावं लागतं. काचबिंदू आहे. समोरचं अजून थोडंफार दिसतं, कडेचं जात चाललंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, जेवढं गेलं ते परत येत नाही, उरलंय ते जपायचं. वय ८४. आधी पडद्याच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा दिसेना झाला. मग सिग्नल. गेल्या वर्षी त्यांनी एकदा लाल सिग्नल ओलांडला, खेळातच, आणि उठून गेले. त्यानंतर खुर्चीत बसले नाहीत. मी किती म्हटलं, अण्णा खेळ आहे हो. "खेळ असला म्हणून काय झालं," एवढंच.

तेव्हा चार-पाच वर्षांचं काम म्हटल्यावर मी मनात काय हिशोब केला असेल ते तुम्हाला समजेल. मी तो बोलून दाखवला नाही. त्यांनी दाखवला.

"मला पाच वर्षं नाहीत. डोळ्यांना तर नाहीतच. टोकन कुठून कुठपर्यंत आहे?"

"व्हाइटहेवन ते सेलाफील्ड. सुमारे अठरा किलोमीटर."

"मग तेवढंच माग की. बाकीचं तुझं हौसेचं आहे."

लागलं थोडं. पण बरोबर होतं. आणि अठरा किलोमीटरांत काय कमी आहे, तुम्हीच सांगा. व्हाइटहेवनला ब्रॅन्स्टीची केबिन, लगेच गावाच्या पोटातून किलोमीटरभराहून लांब बोगदा, पलीकडे कॉर्किकल. मग सेंट बीज, जिथून वेनराइट यांनी आखलेली समुद्र ते समुद्र पायवाट सुरू होते. मग नेदरटाउन, ब्रेस्टोन्स, गाडीच्या पायरीशी समुद्र. आणि शेवटी अचानक सेलाफील्ड. तिथलं कॉल्डर हॉल, १९५६ साली राणीने सुरू केलेलं, औद्योगिक प्रमाणावर वीज देणारं जगातलं पहिलं अणुवीज केंद्र. शेजारच्या विंडस्केलला १९५७ ची ती आग. वापरलेलं अणुइंधन देशभरातून इथे जाड पोलादी पेट्यांत रेल्वेनेच येत आलंय. त्या इंधनावर प्रक्रिया करणं २०२२ मध्ये थांबलं, तरी पेट्या साठवणीसाठी येतात. बऱ्याचदा दोन-तीनच वॅगनी आणि दोन्ही टोकांना इंजिन! एवढ्याशा गाडीला इतका मान मी कुठे पाहिला नाही.

दुसरा प्रस्ताव मग आम्ही दोघांनी मिळून लिहिला. म्हणजे अण्णा सांगत गेले आणि मी टंकत गेलो. काळावरून माझा हट्ट मी सोडला. २०१५ घ्या, तुमचं क्लास ३७ घ्या. अण्णा म्हणाले, "इंजिन कुठलंही जोडू देत. टोकन घेतल्याशिवाय गाडी हलता कामा नये, हे पहिल्या ओळीत लिही." मी लिहिलं. सेंट बीजला गाडी थांबेल, केबिनमधून माणूस येईल, टोकन बदलेल, आणि मगच सिग्नल पडेल.

"पडेल नाही, उठेल," अण्णांनी दुरुस्ती केली. "तुझ्या फोटोत पाहिलेत मी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिग्नलचा हात खाली पडायचा, यांचा वर उठतो." म्हणून तर आपण सिग्नल पडला म्हणतो. चाळीस वर्षं हा शब्द मी वापरतोय, कधी विचार केला नव्हता!

नवी गोष्ट एकच घातली आणि ती मला रात्री दोन वाजता सुचली. घंटा. या जुन्या केबिनी एकमेकींशी घंटेच्या ठोक्यांनी बोलतात. एक ठोका म्हणजे लक्ष दे. तीन, थोडं थांबून एक, म्हणजे साधी प्रवासी गाडी येतेय, घेतोस का? पलीकडचा तेच ठोके परत वाजवतो, म्हणजे घेतो. दोन ठोके, गाडी निघाली. दोन, थांबून एक, गाडी पोचली, वाट मोकळी. अण्णांना हे ठोके पाठ नव्हते, आपले वेगळे होते. पण ऐकून ओळखायचं काम तर तेच. आणि त्याला डोळे लागत नाहीत.

खेळणाऱ्याने ड्रायव्हर न होता केबिनमध्ये बसायचं, अशी सोय प्रस्तावात मागितली आहे. पडदा अंधारा असला तरी चालेल. नुसत्या घंटा, यंत्राचा खटका, तरफ ओढल्याचा आवाज, आणि दुरून येणारी गाडी. सिग्नलवाल्यांसाठी वेगळे खेळ आहेत, मला माहीत आहे, पण त्यातल्या बऱ्याच खेळांत सगळं पडद्यावरच्या रंगीत रेघांवर चालतं, म्हणजे पुन्हा डोळेच.

मार्ग मंजूर होईल न होईल. उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत मी एक घंटेचा आवाज मिळवून घरच्या लॅपटॉपवर जमेल तसं वेळापत्रक बसवलंय. चित्र काहीच नाही. संध्याकाळी चहा झाला की अण्णा खुर्चीत बसतात, पुन्हा त्याच खुर्चीत. मी शेजारी, म्हणजे मी ब्रॅन्स्टी आणि ते सेंट बीज. मी कळ दाबतो, तीन-एक वाजतं. ते लगेच उत्तर देत नाहीत. मान कलती करून ऐकतात, आधीची गाडी पोचली का आठवून पाहतात, मग टेबलावर बोटाने वाजवतात. तीन. एक. काल मी मुद्दाम आधीची गाडी रस्त्यात असताना दुसरी मागून पाहिली. बोट वर उचललेलंच राहिलं, मग त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"मिळणार नाही," म्हणाले. "पहिली येऊ दे."

आई आतून म्हणाली, "अहो, पानं घेतलीयेत." पण ती गाडी यायला अजून चार मिनिटं होती, आणि अण्णा उठले नाहीत.